छोट्या कुत्र्याचं वेट फूड कसं पारखायचं : पाकीट उलटं करा आणि आधी पाणी वजा करा

बुंदी आमची स्पिट्झ, सात वर्षांची, वजन ६ किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली. मागच्या पावसाळ्यात तिचे केस विरळ व्हायला लागले आणि पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे, पोट मात्र होतं तसंच. आधी वाटलं दमट हवेचं असेल, जुलैत आमच्याकडे भिंतींना पण बुरशी येते. शेवटी मालवणहून कुडाळला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, आणि मग विचारलं, खाते काय? म्हटलं भात आणि त्यावर चिकनचा एक पाउच, रोज, चार महिने झाले. ते म्हणाले पाकीट आहे का जवळ? पिशवीत एक होतं, दिलं. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही, थेट उलटं केलं आणि खालच्या एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. मला फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचावी लागली ती ओळ. लिहिलेलं होतं की हे पूर्ण अन्न नाही, मुख्य जेवणाबरोबर अधूनमधून द्यायचं आहे.

चार महिने मी तिला प्रेमाने जे भरवत होते ते जेवण नव्हतंच. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या दिवसापासून जे शिकले, डॉक्टरांना विचारून, वाचून, कॅल्क्युलेटर घेऊन, ते सगळं इथे लिहितेय कारण आमच्या वाडीत आता पाच घरांत तरी पॉम, स्पिट्झ, शिहत्झू आहेत आणि सगळ्यांच्या भातावर पाउच पडतोय.

तर पहिलं काम तेच. दुकानात पाउच किंवा टिन हातात घेतला की पुढचं चित्र, ताज्या गाजराचे तुकडे, हसणारा कुत्रा, हे सोडा आणि मागे फिरवा. दोनपैकी एक वाक्य शोधायचं. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट पेट फूड' असं असेल तर ते एकटं खाऊन कुत्रा जगू शकतो, निदान कंपनीचा तसा दावा आहे. 'कॉम्प्लिमेंटरी', 'सप्लिमेंटल', 'इंटरमिटंट फीडिंग', 'टॉपर', 'ट्रीट' यातलं काही असेल तर ते लोणच्यासारखं, जेवणाच्या बाजूला. टॉपर वाईट असतो असं मी म्हणत नाही, बुंदीला अजूनही मिळतो, पण त्याला जेवण समजू नका. आणि असं कुठलंच वाक्य नसेल तर ते टॉपर आहे असंच धरून चाला.

पूर्ण अन्न म्हटलं असेल तर पुढे कोणाच्या मापाने ते बघायचं. बहुतेक पाकिटांवर ॲफ्कोचं नाव असतं, ती अमेरिकेतली संस्था, किंवा फेडियाफचं, ते युरोपातलं. लोकांना वाटतं ॲफ्कोने हे अन्न पास केलं. तसं नाही, ॲफ्को कुठलंच अन्न तपासत नाही आणि पास करत नाही, ती फक्त किमान किती काय असावं याचं कोष्टक देते. कंपनी दोन पद्धतीने ते म्हणू शकते, एक म्हणजे आकडे कोष्टकात बसवून आणि दुसरी म्हणजे खरोखर कुत्र्यांना खाऊ घालून. मोठ्या, म्हणजे वयाने मोठ्या झालेल्या कुत्र्यांसाठीची ती खाऊ घालायची चाचणी २६ आठवड्यांची असते आणि सुरुवातीला निदान ८ कुत्रे लागतात. म्हणजे तीही काही फार मोठी परीक्षा नाही, पण कागदावरच्या हिशोबापेक्षा बरी. शिवाय कुठल्या वयासाठी ते पण त्याच ओळीत असतं. पिल्लू असेल तर 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' हवं, 'ॲडल्ट मेंटेनन्स' नको, कारण कॅल्शियमचं किमान प्रमाण मोठ्या कुत्र्याला ०.५ टक्के पुरतं तिथे पिल्लाला १.२ टक्के लागतं, म्हणजे दुपटीहून जास्त.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी सांगत नाही.

पाकिटाच्या मागे चार आकडे असतात, प्रोटीन किमान इतकं, फॅट किमान इतकं, फायबर कमाल इतकं, मॉइश्चर कमाल इतकं. दुकानदार ड्राय फूडची पिशवी दाखवतो, प्रोटीन २४ टक्के, आणि पाउच दाखवतो, प्रोटीन ८ टक्के, आणि आपण म्हणतो छे, पाउचमध्ये काहीच नाही. चूक. ड्राय फूडमध्ये पाणी ८ ते १० टक्के असतं आणि वेट फूडमध्ये बहुतेक वेळा ७० ते ८५ टक्के. म्हणजे तुम्ही ओली मासळी आणि सुकी मासळी एकाच काट्यावर ठेवून भाव करताय. आपल्या बायका बाजारात हे कधीच करणार नाहीत, सुक्या बोंबलाचा भाव ओल्याला लावला तर टोपली उचलून चालू लागतील, मग पाकिटाला तरी का लावायचा?

हिशोब सोपा आहे. १०० मधून मॉइश्चर वजा करा, जे उरलं ते कोरडं. प्रोटीनच्या आकड्याला त्या उरलेल्याने भागा आणि १०० ने गुणा. पाउचमध्ये मॉइश्चर ८२, म्हणजे कोरडं १८. प्रोटीन ८ भागिले १८ गुणिले १००, आलं ४४ टक्के. ड्राय फूडमध्ये मॉइश्चर १०, कोरडं ९०, प्रोटीन २४ भागिले ९०, आलं २७ टक्क्यांच्या आसपास. बघा उलटं झालं सगळं.

दोन वेट फूडची तुलना करताना तर हे करायलाच हवं. एकावर प्रोटीन ७ टक्के आणि मॉइश्चर ७५, दुसऱ्यावर प्रोटीन ५.५ आणि मॉइश्चर ८६. नुसतं वाचलं तर पहिलं भारी. पाणी काढलं की पहिलं २८ टक्के आणि दुसरं ३९. पण दुसऱ्यात पाणी इतकं आहे की कुत्र्याचं पोट भरायला जास्त पाउच फोडावे लागणार, ते पुढे कॅलरीत येईल.

किती हवं मग? ॲफ्कोचं किमान माप पाणी काढून मोठ्या कुत्र्याला प्रोटीन १८ टक्के, पिल्लाला २२.५. फॅट मोठ्याला ५.५ आणि पिल्लाला ८.५. फेडियाफने एक शहाणपणाची गोष्ट केलीय, जे कुत्रे घरात बसून असतात आणि कमी खातात त्यांच्यासाठी १८ ऐवजी २१ टक्के धरलंय, कारण घास कमी तर प्रत्येक घासात जास्त असायला हवं. आपले सोफ्यावरचे पॉम आणि पग याच गटात येतात म्हणून मी २१ हीच खालची रेघ धरते. आणि ही किमान रेघ आहे हे विसरू नका, बऱ्यापैकी वेट फूड त्याच्या वरच असतं, प्रोटीनमध्ये क्वचित अडकतं.

अडकतं ते फॅटमध्ये. पाउचवर फॅट ४ टक्के वाचून वाटतं किती हलकं आहे. त्याच १८ ने भागा, २२ टक्के झालं. आणि कॅलरीच्या हिशोबाने जवळजवळ निम्म्या कॅलरी फॅटमधून येतात. धावणाऱ्या, तरुण, सडपातळ कुत्र्याला चालेल, पण ज्याला एकदा पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची सूज होऊन गेलीय, किंवा मिनिएचर श्नाउझर आहे ज्यांच्या रक्तात चरबी वाढायची प्रवृत्तीच असते, किंवा जो आधीच गोल झालाय, त्याला हे '४ टक्के' डोळे झाकून देऊ नका. उलट्या, पोट दुखून पाठ कमानीसारखी करून बसणं, खाणं सोडणं असं दिसलं तर पाउच बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

कॅलरी. काही पाकिटांवर लिहिलेली असते, बऱ्याच पाकिटांवर नसते आणि मला याचा खरोखर राग येतो कारण किती द्यायचं हे त्याशिवाय कळणारच नाही. नसेल तर घरी काढा. प्रोटीनला ३.५, फॅटला ८.५ आणि कार्बला ३.५ ने गुणायचं. कार्ब पाकिटावर नसतात, ते १०० मधून बाकी सगळं वजा करून काढायचे, प्रोटीन, फॅट, फायबर, पाणी आणि ॲश, म्हणजे खनिजांची राख. राख लिहिली नसेल तर वेट फूडला २ धरा. आपल्या पाउचचं बघू, प्रोटीन ८, फॅट ४, फायबर १, पाणी ८२, राख २, मिळून ९७, कार्ब उरले ३. कॅलरी २८ अधिक ३४ अधिक साडेदहा, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ७२. पाउच ८० ग्रॅमचा असेल तर ५८. पाकिटावरचे आकडे किमान-कमाल असतात म्हणून थोडं इकडेतिकडे होणार, पण अंदाज पक्का येतो.

आता कुत्र्याला किती लागतात. वजनाचा घन करा, म्हणजे ६ गुणिले ६ गुणिले ६, २१६. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, ३.८३ येतं. त्याला ७० ने गुणा, २६८. ही नुसती झोपून राहण्याची गरज. ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्याला साधारण १.६ ने गुणतात, पण घरात बसणाऱ्याला १.४ पुरतं, बुंदीला तेच लावलंय, ३७५ कॅलरी दिवसाला. छोट्या कुत्र्यांचं एक लक्षात ठेवा, किलोमागे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतं पण एकूण आकडा लहानच असतो, म्हणून चुकीला जागा नाही. लॅब्राडोरने एक बिस्किट जास्त खाल्लं तर काही बिघडत नाही. बुंदीच्या ३७५ मध्ये वरच्या खाऊला जास्तीत जास्त दहावा हिस्सा, ३७ कॅलरी, आणि दोन ग्लुकोज बिस्किटांत ते संपतंच.

५८ कॅलरीचा पाउच, गरज ३७५, म्हणजे फक्त पाउचवर ठेवायचं तर दिवसाला साडेसहा पाउच. पाउच ४५ रुपयांचा धरला तर २९० रुपये रोजचे. कोण देणार? कोणीच नाही. म्हणून आपण एक पाउच फोडतो आणि भातात कालवतो. सासूबाई म्हणतात तसं, 'भाताक वास नसलो तर ता तोंडय लावणा नाय.' खरंय, बुंदी नुसता भात खातच नाही.

आणि इथेच सगळा घोळ आहे. तुम्ही कितीही चांगला, पूर्ण, बॅलन्स्ड पाउच आणलात तरी बॅलन्स पाउचमध्ये आहे, ताटात नाही. एक पाउच आणि साधारण २४० ग्रॅम शिजलेला भात धरा, मोठ्या दोन वाट्या. भाताच्या ३१२ कॅलरी, पाउचच्या ५८, म्हणजे शंभरातल्या ८४ कॅलरी भाताच्या. प्रोटीन पाउचमधून ६.४ ग्रॅम आणि भातातून साडेसहा, मिळून १३ च्या आत, किमान लागतं १६.७. कॅल्शियम तर विचारूच नका, ३७० कॅलरी खाणाऱ्या कुत्र्याला किमान ४६० मिलिग्रॅम लागतं आणि पाउच नेमका किमान मापाचा असेल तर त्यातून ७२ आणि भातातून वीस-पंचवीस, म्हणजे पाचवा हिस्सा. बुंदीचा तर पाउचच अपुरा होता. तिचे केस का गेले आणि पाठ का सुकली ते मला हा कागद मांडल्यावर कळलं. उकडा तांदूळ, सुरय, काहीही घ्या, भात भातच. भात विष नाही, कुत्रा पचवतो, पण त्याला वाटीचा मालक होऊ देऊ नका. पाउचची पारख करताना शेवटी पारखायची असते ती अख्खी वाटी.

घटकांची यादी बघू. वजनाच्या क्रमाने असते, सगळ्यात जास्त काय ते आधी. पण कच्च्या वजनाने, आणि ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून 'चिकन' पहिलं दिसलं की हरखून जाऊ नका. तांदूळ, तांदळाचं पीठ, तांदळाचा कोंडा असं वेगवेगळं लिहिलं असेल तर तिघांची बेरीज मनात करा, कदाचित तांदूळच पहिला येईल. वेट फूडमध्ये पहिलं नाव पाणी किंवा ब्रॉथ असणं नॉर्मल आहे, त्यात फसवणूक नाही. नाव असलेलं मांस हवं, चिकन, कोंबडीची कलेजी, टूना. 'मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्हज' म्हटलं की आज कोंबडी उद्या काहीही. 'ओशन फिश' हा शब्द तर आपल्याला हसू येईल असा आहे, किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी सांगितलं की मासळी घे आणि कुठली ते नाही सांगितलं, तर तुम्ही घ्याल? बांगडा की पेडवा की सौंदाळा ते कळल्याशिवाय आपण पिशवी उघडत नाही.

बायप्रॉडक्ट या शब्दाला लोक फार घाबरतात, मी नाही घाबरत. कलेजी-पेटा हे बायप्रॉडक्टच आहे आणि आपण स्वतः मिटक्या मारत खातो, कुत्र्याला त्यातून जीवनसत्त्वं भरपूर मिळतात. फक्त कलेजी रोज आणि ढीगभर नको, व्हिटॅमिन ए साठत जातं.

नावाचा खेळ पण समजून घ्या. ॲफ्कोच्या नियमात टिनवर नुसतं 'चिकन फॉर डॉग्ज' असेल तर पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. 'चिकन डिनर' असेल तर २५ टक्के पुरतं. 'विथ चिकन' असेल तर ३ टक्के. 'चिकन फ्लेवर' असेल तर टक्केवारीच नाही, नुसती चव ओळखू आली की झालं. आपल्याकडे येणारे बरेच पाउच थायलंडचे किंवा इथलेच असतात, त्यांनी हाच नियम पाळला असेल असं धरू नका, पण 'विथ' आणि 'फ्लेवर' दिसलं की सावध व्हा, एवढं नक्की.

'ग्रेन फ्री' लिहिलेलं महागडं असतं आणि लोक कौतुकाने घेतात. कुत्र्याला धान्याचं वावडं नसतं, अगदी मोजक्या कुत्र्यांना असतं. धान्य काढून बहुतेक वेळा त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा घालतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, अशा अन्नाचा आणि डीसीएम नावाच्या हृदयाच्या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, नक्की कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण मी तरी जास्त पैसे देऊन तो धोका विकत घेणार नाही. 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' याचंही कौतुक नको. टिन आणि पाउच बंद करून १२१ डिग्रीच्या आसपास शिजवलेले असतात, त्यामुळेच ते टिकतात. त्याच उष्णतेने थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी वन बरंच जातं, म्हणून यादीत शेवटी व्हिटॅमिन-मिनरलची लांब रांग दिसली तर घाबरू नका, ती हवीच. उलट ती रांग नसेल आणि तरी 'कम्प्लीट' म्हणत असतील तर प्रश्न विचारा. रंग मात्र मला आवडत नाही, कुत्र्याला त्याचा काही उपयोग नाही, तो आपल्या डोळ्यांसाठी घातलेला असतो.

प्रोटीनचा आकडा चांगला म्हणजे प्रोटीन चांगलं असं नाही, हे २००७ मध्ये जगाला फार वाईट पद्धतीने कळलं. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये कोणीतरी मेलामाइन नावाचं रसायन मिसळलं, त्यात नायट्रोजन भरपूर, कागदावर प्रोटीन वाढलं, आणि अमेरिकेत ते अन्न खाऊन कुत्र्यामांजरांच्या किडन्या गेल्या, प्रचंड माल बाजारातून परत मागवावा लागला. त्यात वेट फूडच जास्त होतं, ग्रेव्हीतले तुकडे. म्हणून आकड्यामागे कोण उभं आहे ते बघावं लागतं.

ते कसं बघायचं? पाकिटावर कस्टमर केअरचा नंबर असतो, बाहेरून आलेल्या मालावर इंपोर्टरचं नाव-पत्ता असतो. फोन करा किंवा मेल टाका. जगभरच्या व्हेट लोकांची डब्ल्यूसाव्हा नावाची संघटना आहे, त्यांनी काय विचारावं ते सांगितलंय. अन्न कोणी बनवलं, न्यूट्रिशनमध्ये शिकलेला माणूस आहे का आणि त्याचं शिक्षण काय, कारखाना स्वतःचा का दुसऱ्याचा, तयार मालाची तपासणी कशी होते, १०० ग्रॅमला कॅलरी किती, कॅल्शियम-फॉस्फरस नक्की किती. मी तीन ठिकाणी मेल केली होती. एकीकडून सगळे आकडे दोन दिवसांत आले. एकीकडून उत्तर आलं की आमचं अन्न प्रेमाने बनवलेलं आहे. तिसरीकडून काहीच नाही. ज्यांनी आकडे दिले त्यांचंच आणते.

कॅल्शियम-फॉस्फरस मिळालं तर दोघांचं प्रमाण बघा, फॉस्फरस १ तर कॅल्शियम १ ते २ च्या मध्ये हवं. कॅल्शियम कमी पडलं तर ते वाटीतच दुरुस्त करायचं, नुसती पावडर टाकून अंदाजे नको.

पाउच घरी आल्यावर एक प्रयोग करा. चहाच्या गाळणीत ओता, पाच मिनिटं निथळू द्या, आणि तुकडे आणि रस्सा वेगवेगळे वजन करा. माझ्याकडे एका ८० ग्रॅमच्या पाउचमधून ३० ग्रॅम तुकडे निघाले, बाकी रस्सा. रश्शातही थोडं पोषण असतं, ते फेकू नका, पण पैसे कशाचे देताय ते कळतं. तुकडा बोटाने दाबा. चिकनचे धागे सुटले तर मांस. स्पंजसारखा सगळीकडे सारखा असेल तर बहुतेक मांसाचा लगदा आणि गव्हाचं ग्लुटेन किंवा सोया एकत्र करून पाडलेला तुकडा. तो वाईटच असतो असं नाही, पण चित्रातल्या चिकन लेगसारखा तो नाही हे लक्षात ठेवा.

वेट फूड घ्यावंच का, असं विचाराल तर माझं मत हो, काही कुत्र्यांना नक्की. शिहत्झू, ल्हासा, श्नाउझर यांना मूत्राशयात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होण्याची सवय असते, पोटात पाणी जास्त गेलं की लघवी पातळ राहते. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्यांना चावायला सोपं. पण दात साफ व्हायचे नाहीत त्याने, आणि छोट्या कुत्र्यांच्या तोंडात दातांची दाटी असते म्हणून कीट लवकर बसतं, ब्रश करावाच लागतो. अगदी लहान पिल्लं, एक-दीड किलोची, उपाशी राहिली तर त्यांची साखर उतरते, त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं.

आपल्या घरातलं काही वाटीत टाकायचं असेल तर. मासळीचं कालवण नको, त्यात कांदा असतो, लसूण असते आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, ग्रेव्हीत वितळलेला कांदा पण तेवढाच वाईट. सुकी मासळी नको, मीठ. कच्ची मासळी नको, काही माशांत थायमिन नष्ट करणारं एन्झाइम असतं, ते शिजवल्यावर जातं. तारली किंवा पेडवा उकडून, काटे अगदी बारकाईने काढून, मीठ-मसाला काही न घालता चमचाभर चालतो, त्यातलं ओमेगा थ्री केसांना चांगलं. जूनपासून मासेमारी बंद झाली की ताजी मासळी मिळत नाही, तेव्हा फ्रीजरमधली जुनी किंवा वास आलेली कुत्र्याला घालायची पद्धत आहे, कृपा करून घालू नका. वास आलेला बांगडा माणसाला बाधतो तसाच त्यालाही.

आणि साठवण, जी आमच्याकडे अर्धी लढाई आहे. खाऱ्या हवेने टिनच्या कडेला गंज येतो, दुकानात शेल्फच्या मागच्या रांगेत बरेच महिने पडलेला असतो माल. कडेला गंज, शिवणीवर पोचा, फुगलेलं झाकण, फुगलेला पाउच, यातलं काहीही असेल तर घेऊ नका. मे महिन्यात कुरियरने मागवलेलं पार्सल चार-पाच दिवस तापत येतं, उघडायच्या आधी एकेक पाउच दाबून बघा. उघडलेला टिन तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढा आणि दोन दिवसांत संपवा. पावसात लाईट गेली आणि चार तासांत आली नाही तर फेका, जीव तुटतो पण फेका. वाटी तासाभराने उचला, नुसत्या मुंग्या नाहीत, आमच्या हवेत ते आंबतं. फ्रीजमधलं थंड द्यायचं नाही, डबा गरम पाण्यात ठेवा पाच मिनिटं, वास सुटतो आणि नखरे करणारं कुत्रं पण येतं.

नवीन फूड एकदम बदलू नका, आठवडाभर तरी लावा, आधी चतुर्थांश, मग अर्धं. त्यात शी सैल झाली तर दोन दिवस थांबा. मग सहा आठवडे एकच फूड, आणि दर रविवारी वजन. छोट्या कुत्र्याला वजनकाट्यावर उभं करता येत नाही, आपण घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, पण काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा कारण ६ किलोच्या कुत्र्यात ३०० ग्रॅम म्हणजे पाच टक्के. स्पिट्झ-पॉमला केसांवरून काही कळत नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बरगड्यांवर हात ठेवा. मूठ वळून बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या तशा टोचल्या तर बारीक. तळहाताच्या मांसल भागासारखं काहीच लागलं नाही तर जाड. हात सपाट पसरून बोटांच्या मागच्या बाजूवर फिरवला तर जसं वाटतं तसं हवं.

बुंदीच्या वाटीत आता सकाळ-संध्याकाळ मिळून ६० ग्रॅम पूर्ण ड्राय फूड, साधारण २३० कॅलरी, त्यावर पूर्ण वेट फूडचा ११० ग्रॅमचा टिन दोन वेळात वाटून, साधारण १०० कॅलरी, आणि एक मोठा चमचा भात, सासूबाईंच्या हातचा, कारण तो दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. केस मार्चपर्यंत परत आले. काल वजन केलं, ६ किलो १००.